पप्पांनी माफ केलं, मला जमत नाहीये

परदेशीपुऱ्याचा (इंदूर)
९ मार्च २०२५

सगळ्यांना सलाम. आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत नमस्काराच्या जागी सलामच म्हणतात, तेव्हा गैरसमज नको.

आम्ही मूळचे नगरकडचे. आजोबा मिलच्या नोकरीसाठी इंदूरला आले ते इथेच राहिले. पप्पा त्याच मिलमध्ये विव्हिंग खात्यात होते. वय ७४. मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहितो, बायको शिवणकाम करते, मुलगी दहावीला आहे. माझं नाव विचारू नका, इंदूर तसं छोटंच गाव आहे.

अनंत चतुर्दशीला इथे रात्रभर मिलांच्या झांक्या (सजवलेले देखावे) निघतात, हे इंदुरी लोकांना सांगायला नको. मिलं बंद पडली, झांक्या चालू आहेत. पप्पा तरुणपणी आमच्या मिलच्या झांकीची वायरिंग करायचे, म्हणून अजूनही बघायला जातात. चर्चमधलं कुणी टोकलं की म्हणतात, गणपती त्यांचा, झांकी मिलची. गेल्या वर्षी १७ सप्टेंबरच्या रात्री असेच गेले. पहाटे साडेचारच्या सुमारास एकटेच परत येत होते. पाटनीपुऱ्याच्या अलीकडच्या गल्लीत एका मुलाने त्यांचा फोन ओढला.

फोन बटणांचा, चौदाशे रुपयांचा. पण पप्पा तो कुठेही विसरतात म्हणून माझ्या बायकोने त्याला नायलॉनची दोरी बांधून गळ्यात अडकवून दिला होता. दोरी तुटेना. मुलाने चाकू काढला. पप्पांनी डाव्या हाताने पातंच धरलं. मग एक वार बरगडीखाली.

पप्पा म्हणतात, त्याने दोरी कापायला चाकू काढला होता. मी म्हणतो, बरगडीखाली कुठली दोरी होती?

मी त्यांना अ‍ॅक्टिव्हावर मध्ये बसवून नेलं, मागे शेजारचा मुलगा त्यांना धरून. अकरा दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता वळत नाही. ज्या माणसाने चालत्या साच्यावर (मागावर) तुटलेला धागा बघता बघता गाठवला, त्याला शर्टाचं गळ्याचं बटण लागत नाही. रोज सकाळी ते माझ्यासमोर येऊन हनुवटी वर करून उभे राहतात, काही बोलत नाहीत. मी बटण लावतो.

आणि अ‍ॅक्टिव्हाचं पायाखालचं रबर. त्याला बारीक बारीक खाचा असतात. रक्त त्या खाचांत वाळलं होतं. पाण्याने गेलं नाही, सर्फाने गेलं नाही, शेवटी जुना टूथब्रश घेऊन एकेक खाच घासली. तीन दिवस रोज थोडं थोडं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मुलगा त्याच दुपारी पकडला गेला. एकोणीस वर्षांचा, मागच्याच गल्लीतला. त्याचे आजोबा आणि पप्पा एकाच खात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर होते. चालान (आरोपपत्र) सादर झालंय, पोरगा जेलमध्ये आहे, आणि आता पप्पांच्या साक्षीची पेशी (तारीख) लागणार आहे.

आता खरी अडचण. पप्पा घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्या मुलाची आई आली. सेवेच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. ओटल्याच्या खालीच उभी राहिली, वर येईना. हातात अर्धा किलो लौंग सेवेचं पाकीट. काही म्हटलं नाही, पाकीट ओटल्यावर ठेवलं आणि रडायला लागली. पप्पांनी तिला वर बोलावलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, माझ्याकडून माफ आहे. एवढंच. जणू वाण्याचा हिशेब मिटवला. मी आतल्या खोलीत होतो, बाहेर आलो नाही.

आता म्हणतात, जजसाहेबांना तेच सांगणार. जेलमध्ये जाऊन मुलालाही भेटायचंय, तू गाडीवर घेऊन चल. मी नाही म्हटलं. तेव्हापासून घरात थोडी शांतता आहे, बरी नव्हे अशी.

मी भांडलोही. मिल बंद पडल्यावर हक्काच्या पैशासाठी हाच माणूस तीस वर्षं लढला. दर रविवारी उपासना झाली की तसाच मजुरांच्या मीटिंगला. एक रुपया सोडायला तयार नव्हता. मी म्हटलं, पप्पा, तेव्हा नाही सोडलं आणि आता पोटातला चाकू सोडता? तर म्हणाले, "ते पैसे तुम्हा पोरांचे होते, ते मी कसे सोडणार? हे माझ्या अंगावरचं आहे. हे माझं मी सोडतो."

आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत असते. घरी मात्र रात्री पप्पा मराठीतच प्रार्थना करतात, प्रभूची प्रार्थना मोठ्याने, आम्ही सगळे मागून. हिंदीत त्या ठिकाणी अपराधी आणि क्षमा असे शब्द आहेत. आपल्या मराठीत आहे, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." मी दिवसभर उधारीच्याच वह्या लिहितो, म्हणून असेल, हे वाक्य मला नेहमी आवडायचं. सप्टेंबरपासून त्या वाक्याला माझा आवाज बंद होतो. ओठ हलवतो, कारण मुलगी बघत असते.

विचारायचं असं, की पप्पांना कोर्टात असं बोलू द्यावं का? त्याने तो मुलगा सुटून महिन्याभरात पुन्हा आमच्याच गल्लीत उभा राहील का? आणि दुसरं, ज्यांना हे जमलंय त्यांनी सांगा, कसं जमतं. उपदेश नको. उपदेश मला रविवारी मिळतो.


मालवी मिर्ची

भिया, सरळ बोलतो. असल्या माफीनेच हे पोरटे माजलेत. आज फोन, उद्या मर्डर. तुमचे पप्पा देवमाणूस असतील, पण पुढच्या म्हाताऱ्याला हा चाकू बसला तर त्याची जबाबदारी कोण घेणार? एक गाल, दुसरा गाल पुस्तकात ठीक आहे.


परदेशीपुऱ्याचा

भिया, तुमचं-माझं मत एकच आहे. म्हणूनच तर इथे आलो.


रामबागची

मी ख्रिस्ती नाही, चांगली पळीपंचपात्रवाली आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या मोठ्या बहिणीची चेन दोघांनी बाईकवरून खेचली, भर दुपारी. ताई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती परत उठली नाही. पाचव्या महिन्यात गेली. कागदावर कारण न्यूमोनिया. चेन सव्वा तोळ्याची होती.

ते दोघे कधी सापडलेच नाहीत. हेल्मेट घातलेलं होतं. मला तुझ्यासारखा प्रश्नच पडू शकत नाही, कारण माफ करायचं तर कुणाला? चेहराच नाही. रस्त्याने बाईक जोरात गेली की मी अजून भिंतीकडे सरकते. इतक्या वर्षांत मला कळलंय ते एवढंच, की माझा राग कुठल्याही माणसावर राहिलेला नाही, तो बाईकवर आहे. आणि बाईकला काही माफ करता येत नाही.

तू तुझ्या वडिलांवर चिडलायस, त्या पोरावर कमी. परत एकदा स्वतःचं लिहिलेलं वाच. पोराला तू चार ओळी दिल्यास, वडिलांना अख्खं पान.

आणि हो, माफ कर असं तुला कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठव. ही काही संक्रांतीची वाणं नाहीत, घरोघर वाटायला.


परदेशीपुऱ्याचा

ताई, वाचलं परत. खरंय. त्यांनी मला न विचारता माफ केलं, ते लागलंय. बोटं त्यांची गेली, पण ती रात्र माझीही होती ना.


काळा कोट (इंदूर)

मी फौजदारीची कामं करतो. तुमची केस पाहिलेली नाही, तेव्हा मोघमच बोलतो.

आधी भीती काढून टाका. वडिलांच्या माफीने मुलगा सुटणार नाही. आपल्या इथे लोकांना वाटतं, फिर्यादीने राजीनामा (तडजोड) दिला की केस संपली. राजीनामा होतो तो ठरावीक कलमांत, त्यांची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ मध्ये आहे आणि लूट त्या यादीत नाही. अशा खटल्यात तुमचे वडील साक्षीदार असतात, फिर्याद सरकारची.

घटना १ जुलै २०२४ नंतरची, म्हणजे भारतीय न्याय संहिता लागू. लुटीत दुखापत केली की ३०९(६). त्यात प्राणघातक शस्त्र वापरलं किंवा गंभीर दुखापत झाली तर ३११, आणि ३११ ला किमान सात वर्षं आहेत. सिद्ध झालं तर जजलाही त्याच्या खाली जाता येत नाही, तुमचे वडील कितीही रडले तरी. बोटांची ताकद कायमची गेली असेल तर ती कायद्याने गंभीर दुखापतच. चालानात कोणती कलमं लागलीत ते बघून घ्या.

मग माफीचा उपयोग काय? दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा किती द्यायची यावर सुनावणी होते, तिथे कोर्ट ऐकू शकतं. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्यात बरीच जागा असते. ३०९(६) मध्ये तर वर जन्मठेपेपर्यंत जाता येतं.

पण एक गोष्ट अगदी कडक सांगतो. दयेपोटी "मला नीट दिसलं नाही", "हा तो नसेल" असं वडिलांनी बोलायचं नाही. अशी साक्ष फिरवणारे मी शेकड्याने पाहिलेत. बहुतेक पैशाने फिरतात, काही भीतीने, आणि काही चांगुलपणाने. रेकॉर्डवर तिघे सारखेच दिसतात. चाकू दोरी कापायला काढला असं त्यांना खरंच वाटतं तर तेही सांगावं, तो त्यांचा अनुभव आहे. पण बरगडीखालचा वारही सांगावा लागेल.

जेलमधली भेट साक्षीनंतर. आधी गेलात तर कुणीही म्हणेल साक्षीदार फोडला.

आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पीडित भरपाईचा अर्ज केलाय का? ते पैसे सरकारच्या योजनेतून येतात, त्या पोराच्या आईच्या पगारातून नाही. वडिलांना तसं सांगा म्हणजे ते अडणार नाहीत.


बागलीच्या बाई

मी देवासची. नोकरीची बरीच वर्षं बागली तहसिलीत शिक्षिका म्हणून गेली, उदयनगरच्या बाजूला. तुम्ही इंदूरचे ख्रिस्ती, म्हणजे राणी मारिया सिस्टर तुम्हाला माहीत असणारच. इतरांसाठी लिहिते.

केरळमधल्या पुल्लुवळीच्या. उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या. काम म्हणजे तुम्हाला वाटेल प्रार्थना वगैरे. मुख्य काम कर्जाचं होतं. सावकाराकडे पिढ्यान् पिढ्या अडकलेल्या लोकांना बँकेत न्यायचं, फॉर्म भरून द्यायचे, बचत गट, सरकारी योजना. एकदा बँकेचं कर्ज मिळालं की माणूस सावकाराच्या ओटल्यावर जात नाही. तुम्ही ऋण शब्दावर अडलात म्हणून हे आठवलं. त्या बाई लोकांचं खरोखरीचं ऋण सोडवत होत्या, आणि त्यातच गेल्या.

२५ फेब्रुवारी १९९५. सकाळी उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. नचनबोरच्या टेकडीजवळ बसमध्येच त्यांच्यावर चाकूचे वार सुरू झाले, मग बाहेर ओढून. पन्नासहून जास्त. बस भरलेली होती. वय ४१. मारणारा समंदरसिंग, त्याला दुसऱ्यांनी भरीला घातलं होतं.

पुढची गोष्ट लोक फार गोड करून सांगतात, म्हणून तारखांसकट सांगते. त्यांची सख्खी धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही त्याच संघातल्या सिस्टर. त्यांनी इंदूरच्या जेलमध्ये जाऊन त्याला राखी बांधली. राखीचा फोटो सगळे लावतात, साल कुणी सांगत नाही. २००२. म्हणजे सात वर्षांनी! आईनेसुद्धा त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं, की या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलंय. तेही वर्षांनंतरच. २००६ मध्ये तो सुटला, अकरा वर्षं आत काढून. सुटकेसाठी सिस्टरच्या माणसांनीच प्रयत्न केले होते. पण आधी खटला झाला, जन्मठेप झाली, अकरा वर्षं गेली. कुणी कोर्टाला म्हटलं नाही की राहू द्या.

४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या मैदानात मीही होते. मी हिंदू, कुंकू लावून गेले होते, माझ्यासारख्या बऱ्याच होत्या. उदयनगर भागातली माणसं ट्रॅक्टर-गाड्या भरून आली होती. माझ्या शेजारी एक म्हातारी बसलेली, तिला भाषणातलं काही कळत नव्हतं. ती सारखी एकच सांगत होती, माझ्या पासबुकावर सिस्टरनी अंगठा करायला शिकवला. अंगठा करायला काय शिकवायचं, असं मला वाटलं. मग तिने दाखवलं. शाई जास्त लागली की ठसा फुटतो आणि बँकवाला परत पाठवतो. अंगठा आधी कागदाच्या कडेला टेकवून घ्यायचा, मग ठसा.

तुम्हाला सहा महिनेही झालेले नाहीत. सेल्मी सिस्टर तर जोगीण होत्या, रोजची प्रार्थना, मागे अख्खा संघ, आणि सात वर्षं लागली.


नगरचा म्हातारा पाळक

सलाम. तुमच्या आजोबांच्या गावचा. आता आमचं गावही अहिल्यानगर झालं, म्हणजे तुम्ही-आम्ही दोघेही अहिल्याबाईंच्याच राज्यात.

उपदेश नको म्हणालात, म्हणून नुसती एक जागा दाखवतो. बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, अध्याय ४. काइनाने भावाला, हाबेलाला मारलं. पहिला खून. देव त्याला शिक्षा देतो, जमीन तुला पीक देणार नाही, भटकत राहशील. काइन घाबरतो, जो भेटेल तो मला मारून टाकील. तेव्हा देव त्याच्यावर खूण करतो, कुणी त्याला मारू नये म्हणून. लोक ती खूण कलंकाची समजतात. मजकूर वाचलात तर ती संरक्षणाची आहे. शिक्षाही कायम आणि जीवही राखलेला. हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडतंय हेही त्याच पानावर आहे, देव त्याला गप्प राहा म्हणत नाही.

थोडं पुढे त्याच अध्यायात काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांपुढे बढाई मारतो, माझा सूड सत्त्याहत्तरपट घेतला जाईल. शिष्य पेत्राने किती वेळा क्षमा करू विचारल्यावर प्रभू येशू आकडा देतात, साताच्या सत्तर वेळा. माझी समजूत अशी की तो आकडा लामेखाला उत्तर आहे. सूडाच्या गुणाकाराला क्षमेचा गुणाकार. गुणाकार आहे म्हणजे एका वेळेत होत नाही, हे तुम्हा हिशेबनिसाला मी काय सांगू?

मनोहरपूरची घटना तुम्ही ऐकली असेल, ओडिशातली, जानेवारी १९९९. मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा आणि सहा वर्षांची, जीपमध्ये जिवंत जाळली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी क्षमा केली, पण कायद्याचं काम कायदा करील, दोन्हींची गल्लत नको, अशीच त्यांची भूमिका राहिली. बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांत पुढे पाच वर्षं राहिल्या. तुमच्या वकीलसाहेबांनी जे सांगितलं ते बायबलच्या बाहेरचं नाही.

एक विचारू? वडील ते वाक्य म्हणतात तेव्हा "आम्ही" म्हणतात. "मी" नाही. तुम्ही गप्प असलात तरी ते तुमच्यासकट म्हणतायत. त्याचा राग येतो का?


परदेशीपुऱ्याचा

पाळकसाहेब, येतो. नेमकं त्याचाच येतो. ते माझ्या वतीने सही करतात असं वाटतं. बाकी काइनाचं मी आयुष्यभर उलटं समजत होतो.


मालवी मिर्ची

बागलीच्या बाईंनी लिहिलेलं दोनदा वाचलं. मी त्या रोडने दर आठवड्याला जातो, माहीतच नव्हतं. बाकी माझं मत आहे तेच आहे.


परदेशीपुऱ्याचा
४ मे २०२५

साक्ष झाली. सगळ्यांनी वेळ काढून लिहिलं म्हणून सांगतोय.

पप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला होता, ईस्टरचा. बटण मी लावलं. गाडीवर मीच नेलं. कोर्टात दहाला बोलावलं, नंबर लागला अडीचला. तोवर कॉरिडॉरमध्ये बाकावर. पप्पांनी डबा उघडून तिथेच पोळी-भाजी खाल्ली आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही दिली.

मुलाला आणलं. मी त्याला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. वाळलाय. पोलिसाने हातकडी लावली नव्हती, त्याची बोटं आपल्या बोटांत अडकवून चालवत होता, शाळेत लहान मुलाला नेतात तसा. ते बघून मला वेगळाच राग आला, कशाचा ते सांगता येणार नाही.

सरकारी वकिलाने विचारलं, पहचानते हैं? पप्पा म्हणाले, हाँ, यही है, इसके दादा मेरे साथ मिल में थे. मग सगळं क्रमाने सांगितलं. दोरीचंही सांगितलं. माझा जीव खालीवर, की आता काय करतात. तर म्हणाले, पहिला चाकू दोरीसाठी होता असं मला वाटतं. दुसरा मला मारण्यासाठीच होता, तेव्हा मी त्याचा हात धरलेला होता आणि त्याच्या डोळ्यांत बघत होतो.

घरात हे त्यांनी एकदाही कबूल केलं नव्हतं. आठ महिने.

समोरच्या वकिलाने पप्पांच्या मोतीबिंदूचा विषय काढला. पप्पा म्हणाले, एका डोळ्याला आहे, मी दुसऱ्याने बघितलं. जजसाहेब हसले बहुतेक. शेवटी पप्पांनी हात जोडले, डाव्या हाताची दोन बोटं वेगळीच ताठ राहतात, आणि म्हणाले, साहब, मेरी तरफ से माफ है. जजसाहेब म्हणाले, बाबूजी, वो बाद की बात है, अभी जितना पूछा उतना ही. लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही. काळा कोटसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच झालं.

बाहेर येताना तो मुलगा आणि पोलीस दाराशीच उभे होते. पप्पा थांबले. त्याला विचारलं, नीट जेवतोस का? तो खाली बघत राहिला. पोलीस म्हणाला, चलो चाचा. मी पप्पांच्या शेजारीच होतो. मी काही बोललो नाही. नेहमी अशा वेळी मी त्यांना कोपराला धरून ओढतो, तसं केलं नाही एवढंच.

जेलच्या भेटीला नेईन म्हटलंय. आत मी जाणार नाही, बाहेर गाडीजवळ थांबेन.

रात्रीच्या प्रार्थनेत त्या वाक्याला मी अजून गप्पच असतो. आता ओठ हलवणंही सोडलंय, मुलीला सांगून टाकलं. पप्पांच्या लक्षात आलेलं दिसतं, कारण त्या वाक्याला ते जरा थांबतात, कुणी मागून येत असेल तर येऊ दे अशा हिशेबाने, आणि मग पुढे जातात.

भरपाईचा अर्ज भरला.

त्या बाई मध्ये परत येऊन गेल्या, पुन्हा सेवेचं पाकीट. पप्पांनी पहिलं पाकीट तेव्हाच पोह्यांवर घालून संपवलं होतं. दुसरं फ्रीजवर आहे. सकाळी सगळे त्यातली सेव घेतात, मी घेत नाही. इंदुरात राहून कोरडे पोहे खातोय, यावर बायको हसते.


रामबागची

कोरडे खा, पण पाकीट तसंच उघडं ठेवू नका. आता गरमी आहे, पावसाळा लागला की दोन दिवसांत सादळेल. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेव.